कॉलेजच्या आवारात पक्ष्यांसाठी नक्की काय करावं? (मागे माळरान, पुढे काचेची बिल्डिंग)

चंडोल_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापूरपासून पाऊण तासावर आमचं सीनियर कॉलेज आहे, मी तिथे झूऑलॉजी शिकवते आणि एनएसएसचंही बघते. या वर्षी प्राचार्यांनी स्वतःहून विषय काढलाय की आपलं आवार पक्ष्यांसाठी चांगलं आणि सुरक्षित करायचं, जूनच्या आत प्लॅन द्या, थोडेफार पैसेही मिळतील. अशी संधी परत मिळेल असं नाही म्हणून नीट करायचंय, नुसते फोटो काढण्यापुरतं नको.

आवार तीसेक एकराचं. पुढे जुनी दगडी इमारत, तिच्याभोवती कडुनिंब, चिंचा, दोन मोठे वड आणि एक वाळलेला पांगारा जो "पाडायचाय" म्हणून यादीत आहे. मध्ये हॉस्टेल, मेस, ग्राउंड, एक जुनी विहीर. मागे सगळा मुरमाड माळ, पावसाळ्यात गुडघाभर गवत येतं आणि जानेवारीपर्यंत पिवळं पडतं. आणि हल्लीच बांधलेली ॲडमिन बिल्डिंग, तिची समोरची अख्खी बाजू निळसर काचेची, त्यात समोरचे कडुनिंब जसेच्या तसे दिसतात. त्या काचेखाली मुलांना मेलेले पक्षी सापडतात. तांबट, शिंजीर, एकदा खंड्या. पण सफाईच्या मावशी सकाळी सातच्या आत सगळं झाडून घेतात त्यामुळे नक्की किती मरतात हे कोणालाच माहीत नाही.

स्टाफ मीटिंगमध्ये आलेल्या सूचना: झाडांना पाण्याची भांडी टांगायची, चिमण्यांसाठी लाकडी घरटी, दाणे टाकायला एक कट्टा, आणि सगळ्यात जास्त जोर म्हणजे मागच्या "पडीक" माळावर एक हजार झाडं. मला ती हजार झाडं पटत नाहीयेत कारण तिथे मी टिटव्या आणि चंडोल बघते, पण "मॅडम झाडं लावली की पक्षी वाढणारच ना" असं कोणी म्हटलं की मला तिथल्या तिथे नीट मांडता येत नाही. आणि बाकीच्या गोष्टींतलं आधी काय, नंतर काय, कशाचा खरंच उपयोग होतो, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पाणथळ_पुणे

ताई, माळावर झाडं लावू नका हे पहिलं. तुम्हाला आतून जे वाटतंय ते बरोबर आहे.

तुम्ही सोलापूरला आहात म्हणून जास्तच जोर देऊन सांगतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते कशासाठी, तर गवताळ माळासाठी. तुमच्या कॉलेजमागचा तुकडा छोटा असला तरी आहे त्याच प्रकारचा. सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात आणि मग सगळ्यांना वाटतं की इथे काहीच नाही, झाडं लावून भलं करू. पण माळावर जे पक्षी राहतात ते झाडावर राहतच नाहीत, ते जमिनीवर अंडी घालतात. चंडोल, डोंबारी, तितर, माळटिटवी, रातवा, नशीब असेल तर धाविक. यांना लांबवर मोकळं दिसायला लागतं. तिथे झाडं उभी राहिली की कावळ्याला आणि शिक्र्याला टेहळणीची जागा मिळते, सावली पडून गवत विरळ होतं आणि हे सगळे पक्षी निघून जातात. त्यांच्या जागी मैना, कावळे, बुलबुल येतील. ते तुमच्या पुढच्या आवारात आहेतच. म्हणजे एकूण पक्ष्यांचा आकडा कदाचित वाढेल पण प्रकार कमी होतील, आणि जे जातील त्यांना जायला दुसरी जागा उरलेली नाही. मीटिंगमध्ये हेच सांगा, की झाडांवरचे पक्षी आपल्याकडे पुढे आहेत, माळावरचे फक्त मागे आहेत.

हिवाळ्यात बघा, ऑक्टोबरपासून तुमच्याकडे भोवत्या येत असतील, मध्य आशियातून येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर बसतात. गवतावर अगदी खालून तरंगत जाणारा, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरलेला शिकारी पक्षी दिसला की तोच. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन बसा, प्राचार्यांनाही बोलवा, तो पक्षी एकदा दाखवला तर माळाबद्दल वेगळं भाषण करावं लागणार नाही.

माळासाठी करायचं काय तर बरंचसं "न करणं" आहे. कुसळी, मारवेल, पवन्या असं जे काही गवत असेल त्याचं बी पडेपर्यंत कापू नका. नंतर सुद्धा एकदम सगळं न कापता आलटून पालटून पट्टे ठेवा. आग लावू देऊ नका. ट्रॅक्टर, जेसीबी, गाड्यांचं पार्किंग, श्रमदान शिबिरात सपाटीकरण हे सगळं मार्च ते ऑगस्टमध्ये तर अजिबात नको कारण टिटवीची आणि माळटिटवीची अंडी तेव्हाच असतात. ती अंडी मातीच्या, खड्यांच्या रंगाची असतात, चार असतात आणि नुसत्या खळग्यात असतात, तुम्ही दोन फुटांवर उभ्या असाल तरी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली की समजायचं आपण जवळ आलोय आणि आल्या पावली मागे फिरायचं.

दुसरं म्हणजे आधी वर्षभर नोंदी. प्लॅन जूनमध्ये द्यायचाय हे समजलं पण प्लॅनमध्येच लिहा की पहिल्या वर्षी यादी बनवणार. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट आणि ॲप) कॉलेजच्या नावाने हॉटस्पॉट म्हणजे नोंदींची ठरलेली जागा करून घ्या, मुलांनी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाटेने फिरून नोंदवायचं. फेब्रुवारीत चार दिवसांचा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणजे पक्षीगणना असते त्यातच कॅम्पस बर्ड काउंट होतो, देशभरातली कॉलेजं भाग घेतात, फी वगैरे काही नाही. आणि आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्ली सरांच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) दाखवायला हे पुरेसं आहे, त्यासाठी हजार खड्डे खणायची गरज नाही.

वीटमाती

मी आर्किटेक्ट आहे, नाशिकला असते. माळाचं पाणथळ दादांनी सांगितलंय, मी फक्त काचेबद्दल लिहिते कारण माझ्या मते तुमच्या आवारातली सगळ्यात तातडीची गोष्ट ती आहे. भांडी आणि घरटी पुढच्या वर्षी लावली तरी चालतील, पण काच आज, उद्या, रोज पक्षी मारते. उलट काचेसमोर पाणी आणि दाणे ठेवून पक्षी तिथे बोलावले तर जास्त मरतील.

होतं काय की पक्ष्याला काच दिसतच नाही, त्याला काचेतला कडुनिंब दिसतो आणि तो त्या कडुनिंबावर बसायला पूर्ण वेगात जातो. प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या बाजूला तयार होतं म्हणून उपायही बाहेरूनच करावा लागतो. आतून पडदे लावणं, आतून फिल्म चिकटवणं याने फार फरक पडत नाही. बाजारात ससाण्याच्या आकाराचे काळे स्टिकर मिळतात, एका खिडकीला एक लावतात, तोही उपयोग नाही, पक्षी त्या स्टिकरच्या बाजूने जायला बघतो आणि तिथल्या काचेवर आपटतो.

चालतं ते म्हणजे अख्ख्या काचेवर दाट खुणा. नियम सोपा आहे, ठिपका साधारण ६ मिलिमीटरचा हवा आणि दोन ठिपक्यांमध्ये उभं-आडवं ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. एवढ्या फटीतून आपण जाऊ शकत नाही हे छोट्यातल्या छोट्या पक्ष्यालाही कळतं. यासाठी तयार फिल्म मिळते पण महाग पडते. कमी पैशात करायचं तर बाहेरून पांढऱ्या ऑइलबेस मार्करने ठिपके किंवा उभ्या रेघा, साचा म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून घ्यायची, मुलं एका रविवारी खालचा मजला करतील. किंवा बाहेरच्या बाजूने वरून खाली जाड दोऱ्या सोडायच्या, साधारण १० सेंटिमीटरवर एक, खाली मोकळ्या. या दोऱ्यांचा चांगला उपयोग होतो आणि काच धुताना बाजूला घेता येतात. ज्या खिडक्या उघडतात त्यांना बाहेरून डासांची जाळी ताणून बसवली तरी काम होतं, प्रतिबिंबही मोडतं आणि धडक बसली तरी जाळी दाबली जाते.

सगळी बिल्डिंग एकदम नाही झाली तर जमिनीपासून समोरच्या झाडांच्या शेंड्यापर्यंतची काच आधी घ्या, जास्तीत जास्त धडका त्याच पट्ट्यात होतात. आणि कोपरा असेल जिथे दोन्ही बाजूंना काच आहे आणि आरपार दिसतं, तर तो सगळ्यात पहिला.

पण त्याच्याही आधी मावशींशी बोला. त्यांना सांगा की सापडलेला पक्षी कचऱ्यात न टाकता एका डब्यात ठेवा, बाजूला वही ठेवा, तारीख आणि कुठल्या खांबाजवळ एवढंच कोणीतरी लिहायचं. महिनाभरात कुठली काच मारते ते कळेल आणि मॅनेजमेंटसमोर ती वही ठेवली की मार्कर आणायचे पैसे लगेच मिळतील. शिवाय हे काम मावशींच्या नावाने प्लॅनमध्ये लिहा, कारण रोज सकाळी बघणाऱ्या त्याच आहेत.

शिकागोकर

वीटमाती ताई म्हणतात ते इथे डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो. शिकागोला तलावाच्या काठावर मॅकॉर्मिक प्लेस म्हणून प्रचंड मोठं कन्व्हेन्शन सेंटर आहे, त्याची एक इमारत सगळी काचेची. ५ ऑक्टोबर २०२३ ला स्थलांतराचा जोर होता, आतले दिवे चालू होते, आणि एका रात्रीत त्या एका इमारतीला धडकून जवळजवळ हजार पक्षी मेले. खूप आरडाओरडा झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी काचेला बाहेरून ठिपक्यांची फिल्म लावली आणि त्यानंतरच्या सीझनमध्ये मृत्यू ९५ टक्क्यांच्या आसपास कमी झाले. ठिपके आत उभं राहिलं तर फारसे लक्षातही येत नाहीत, ज्यांना "बिल्डिंगचा लुक जाईल" असं वाटतं त्यांना हे नक्की सांगा.

दिव्यांचं पण लिहा प्लॅनमध्ये. बरेच छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये नवरंग येतो तेव्हा तो कोणाच्या गॅलरीत, कोणाच्या ऑफिसात दमून पडलेला सापडतो, तो रात्रीच आलेला असतो. रात्री दहानंतर ॲडमिन बिल्डिंगचे आतले दिवे बंद, बाहेरच्या दिव्यांवर टोपी बसवून उजेड खाली, वर आकाशात नाही. लाईट बिलही कमी येईल.

बागवान

मी एका कृषी महाविद्यालयात उद्यान विभागात सुपरवायझर होतो, रिटायर झालो. मॅडम, झाडांबद्दल दोन शब्द.

तो वाळलेला पांगारा पाडू नका. हात जोडून सांगतो. तांबट पक्षी हिरव्या झाडात घर करतच नाही, त्याला वाळलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदीच लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या पांगाऱ्याखाली उभं राहून वर बघा, फांदीच्या खालच्या अंगाला रुपयापेक्षा थोडं मोठं, अगदी गोल भोक दिसेल आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला असेल. त्याने एकदा ते भोक केलं की पुढच्या वर्षांत तिथे दुसरे पक्षीही राहतात. पिंगळा, पोपट, दयाळ, हुदहुद हे सगळे ढोलीत राहणारे, त्यातल्या बहुतेकांना स्वतःला ढोली करता येत नाही. कोणाच्या अंगावर पडेल अशी भीती असेल तर धोक्याच्या आडव्या फांद्या तेवढ्या उतरवा, बुंधा आणि जाड खोड उभं ठेवा, खाली साधं कुंपण करा म्हणजे मुलं बसणार नाहीत. बाजारातली दहा लाकडी घरटी आणली तरी या एका खोडाची बरोबरी होणार नाही.

छाटणीचं म्हणाल तर आपल्याकडे छाटणी होते एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याआधी. आणि कावळ्याची, शिंजीरची, कितीतरी पक्ष्यांची पिल्लं नेमकी तेव्हाच घरट्यात असतात. पावसाळ्यात सुगरण, वटवट्या, मुनिया, बगळे. हिवाळ्यात घुबडं. म्हणजे पूर्ण मोकळा असा महिना नाही, त्यातल्या त्यात पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटणी केली तर नुकसान कमी. कुठल्याही महिन्यात करा पण कुऱ्हाड लावायच्या आधी एक जण दुर्बीण घेऊन झाड बघणार, घरटं दिसलं तर ते झाड महिना-दीड महिना पुढे ढकलणार, हे कॉन्ट्रॅक्टरच्या वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटी मोडणं, अंडी काढणं हे शिकारीतच धरलंय, हे लिहिलं की कॉन्ट्रॅक्टर ऐकतो.

झाडं लावायचीच असतील तर माळ सोडून कंपाउंडच्या कडेने आणि पुढच्या आवारात लावा, हजार नकोत, शंभर लावा आणि जगवा. उंबर, पिंपळ, नांदुर्क ही फळाची. वडाला, उंबराला फळं लागली की हळद्या, कोकीळ, तांबट, हरियाल सगळे एकाच झाडावर दिसतात. फुलांसाठी पांगारा, काटेसावर, पळस, यांना जानेवारी ते मार्चमध्ये फुलं येतात तेव्हा बाकी सगळं सुकलेलं असतं आणि भोरड्यांचे थवेच्या थवे येऊन बसतात. कडेला बोर, हिवर, बाभूळ, काटेरी आहे म्हणून नाक मुरडू नका, काट्यांमध्ये घरटं मांजरापासून वाचतं. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया लावू नका. नर्सरीवाला कोनोकार्पस गळ्यात मारेल कारण ते भराभर वाढतं, ते तर नकोच, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

पालापाचोळा जाळायचा नाही. हे मी माझ्या माणसांना इतकी वर्षं सांगत आलो. सातभाई, दयाळ, हिवाळ्यात येणारा कस्तूर हे पाचोळा उलथून त्याखालचे किडे खातात. रस्त्यावरचा पाला झाडा, तो उचलून झाडांच्या बुंध्याशी पसरा. मेंदीची, कोयनेलची कुंपणं दर पंधरा दिवसांनी कातरून भिंतीसारखी सपाट करतात त्यातला एक भाग तरी वाढू द्या, शिंपी आणि वटवट्या कमरेएवढ्या उंचीवरच घरटं करतात. शिंप्याचं घरटं एकदा जवळून बघा, मोठं पान दुमडून कडेला भोकं पाडून त्यातून कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवलेला असतो. माळ्याने कात्री चालवली की ते पानच खाली पडतं आणि त्याला कळतही नाही की आत काय होतं.

पाण्याचं एकच सांगतो. टांगलेली प्लास्टिकची भांडी नकोत. मातीचं पसरट, उथळ भांडं, पाणी दोन इंचापेक्षा जास्त नको, मध्ये एक दगड. जमिनीवर ठेवायचं तर आजूबाजूला दहा फूट मोकळं, नाहीतर झुडपाआड मांजर दबा धरून बसतं. आणि रोज ओतून, घासून, परत भरायचं. नुसतं वरून भरत राहिलात तर डास होतात आणि पक्ष्यांचे रोगही पसरतात. सुट्टीत घासायला कोण येणार हे आधी ठरवा, आणि कोणी नसेल तर भांडी कमी ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि कॉलेजला नेमकी तेव्हाच सुट्टी असते.

रेक्टर_मॅडम

सगळं वाचतेय, छान चर्चा. पण मी मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे, दुसऱ्या कॉलेजात, म्हणून दोन प्रश्न. पहिला, कबुतरं. आमच्याकडे डक्टमध्ये आणि गॅलरीत इतकी झालीत की मुलींना खोकला आणि ॲलर्जी, त्यात कोणीतरी रोज ज्वारी टाकतं. पक्ष्यांसाठी आवार म्हणजे हे वाढणार नाही का? दुसरा, माळावर गवत वाढू दिलं तर साप. पालकांना काय उत्तर देऊ?

पाणथळ_पुणे

रेक्टर मॅडम, दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि मीटिंगमध्ये हेच येणार, त्यामुळे चंडोल ताईंनी तयार राहावं.

कबुतरांसाठी आपल्याला काही करायचंच नाहीये. दाण्याचा कट्टा प्लॅनमधून काढून टाका. बांधून ठेवलेल्या कट्ट्यावर ज्वारी-बाजरी टाकली की येतात ती कबुतरं, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो हे खरं आहे. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून केवढं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं ते सगळ्यांनी वाचलंच असेल. बाकी पक्ष्यांना आपल्या दाण्यांची गरज नाही, मुनियांना गवताचं बी आणि शिंजीरला फुलं मिळाली की झालं. मेसचं खरकटं झाकलेल्या डब्यात ठेवलं की कबुतरं, कावळे, घुशी, भटकी मांजरं सगळंच कमी होतं, आणि मांजरं कमी झाली की जमिनीवरची पिल्लं वाचतात. डक्टला जाळी लावा पण घट्ट ताणून, खाली-वर कुठेही फट न ठेवता. ढिली, फाटलेली जाळी सगळ्यात वाईट, पक्षी आत शिरतो आणि बाहेर येता येत नाही म्हणून तिथेच तडफडून मरतो. आणि जाळी लावायच्या आधी आत पिल्लं नाहीत ना ते बघायचं.

सापांसाठी हॉस्टेलच्या आणि रस्त्यांच्या कडेने पंधरा-वीस फुटांचा पट्टा कायम कापलेला ठेवा, चालायची वाट ठरवून द्या, संध्याकाळनंतर टॉर्च. साप उंदरांमागे येतात, हॉस्टेलजवळ उंदीर नसले की साप तिकडे कशाला येतील. पण मॅडम, उंदरांसाठी विष ठेवू नका.

पशुवैद्यक_परभणी

विषाचा विषय निघालाच आहे म्हणून. मी व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उंदीर मारायची जी औषधं मेसमध्ये ठेवतात त्यातली बरीचशी रक्त न गोठू देणारी असतात, उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, दोन-चार दिवस सुस्तावून फिरत राहतो आणि असा उंदीर घुबडाला सहज सापडतो. गव्हाणी घुबड खातं आणि आतून रक्तस्राव होऊन मरतं. मग उंदीर अजून वाढतात. त्यापेक्षा पिंजरे लावा. घुबडाबद्दल अजून एक, जुन्या दगडी इमारतीच्या माळ्यावर असेल तर लोक अपशकुन म्हणून हाकलतात, शिपायांशी याबद्दल नीट बसून बोला, ओरडून नाही. एका जोडीला पिल्लं असतात तेव्हा रात्रीत कितीतरी उंदीर लागतात हे दाखवलं की लोकांना पटतं.

जखमी पक्ष्यांसाठी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये एक पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडलेला, आत सुती कापड, एवढं कायम ठेवा. काचेला धडकलेला पक्षी बऱ्याचदा मेलेला नसतो, गुंगीत असतो. त्याला खोक्यात ठेवून झाकण लावायचं, शांत आणि अंधाऱ्या जागी तास-दीड तास. पाणी चोचीत ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. दूध नाही, बिस्किट नाही, सेल्फी नाही. नंतर बाहेर नेऊन काचेपासून लांब खोका उघडायचा, उडाला तर ठीक. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा उडालाच नाही तर वनखात्याचा हॅलो फॉरेस्टचा १९२६ नंबर, तो केबिनमध्ये आणि हॉस्टेलच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लावा.

आणि मे-जूनमध्ये मुलं दर दोन दिवसांनी "अनाथ पिल्लू" घेऊन येतील. अंगावर पिसं असलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते अनाथ नसतं, उडायला शिकत असतं, आईबाप जवळच कुठेतरी चोचीत किडा धरून आपण जायची वाट बघत असतात. मांजर, कुत्रं, गाडी यांच्यापासून वाचेल अशा जवळच्या झुडपात ठेवायचं आणि लांब जायचं. उघडं, पिसं नसलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवायचं, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते असं काही नसतं.

मांजा विसरू नका. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली पण संक्रांतीला सर्रास मिळतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एनएसएसची मुलं लावून झाडांवरचा, तारांवरचा (तारांना हात न लावता, वायरमनला बोलावून) मांजा उतरवून घ्या. एकदा अडकलेला मांजा वर्षभर तिथेच राहतो आणि वर्षभर पक्षी त्यात लटकत राहतात.

चंडोल_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

माळाचा मुद्दा आता मी असाच मांडणार की झाडांवरचे पक्षी पुढे आहेतच, मागे फक्त माळाचे, आणि बागवान काकांचं शंभर झाडांचं कंपाउंडच्या कडेने असं सोबत जोडणार, म्हणजे ज्यांना वृक्षारोपण हवंच आहे त्यांनाही काम मिळेल. पांगाऱ्याबद्दल आजच प्राचार्यांना भेटले, जूनपर्यंत हात लावायचा नाही असं तोंडी कबूल केलंय, लेखी घेईन. आज दुपारी मुलांना घेऊन खाली उभी राहिले तर दोन भोकं दिसली, एकातून तांबटाचं लाल कपाळ बाहेर येत होतं, मुलांना वर्गात आणायला घंटा द्यावी लागली.

मावशींना वहीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, मॅडम पावसाळा सुरू होताना जास्त असतात आणि कॅशियरच्या खिडकीखालीच असतात. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ती खिडकी कोपऱ्यातलीच आहे, वीटमाती ताई म्हणाल्या तशी दोन्हीकडून काच. पहिले ठिपके तिथेच काढणार.

अजून एक राहिलं. ग्राउंडवर क्रिकेटच्या प्रॅक्टिसचं नेट कायमचं बांधलेलं असतं आणि त्यात मागे एक होला अडकला होता. स्पोर्ट्सचे सर म्हणतात रोज काढणं शक्य नाही. काही मधला मार्ग आहे का?

बागवान

रोज काढायची गरज नाही मॅडम. खेळ संपला की नेट पडद्यासारखं एका टोकाला सरकवून सुतळीने घट्ट बांधायचं, पाच मिनिटांचं काम. त्यासाठी वरची तार कड्यांवर सरकेल अशी करून घ्या, वेल्डिंगवाला करून देईल. खालचं टोक गवतात लोळत असेल तर ते वीतभर वर उचलून बांधा, होले आणि साप दोन्ही तिथेच अडकतात. सुट्टीत मात्र नेट उतरवून गुंडाळून खोलीत ठेवायचं, दोन महिने ग्राउंडवर कोणी नसतं आणि अडकलेलं कोणाला दिसतही नाही. आणि नवीन घ्यायचं असेल तर जाड दोऱ्याचं, पांढरं किंवा ठळक रंगाचं घ्या, बारीक हिरवं नको, ते पक्ष्यांना दिसत नाही.